पान लागलं

लिंबारवाडीच्या विमलबाईच्या तोंडून एक शब्द पंचेचाळीस वर्षांत बाहेर पडला नव्हता. शिव्या पडायच्या, आणि चांगल्या घसघशीत पडायच्या. पाणी आठ दिवस आलं नाही तेव्हा सरपंचाला तिनं टाकीखाली उभा करून असा झापला की तो गडी महिनाभर त्या गल्लीतून गेला नाही. पण त्या सरपटणाऱ्या जनावराचं नाव? छे! शेतात दिसलं तर ते 'लांबडं', घरात निघालं तर 'किरडू', आणि कुणाला डसलं तर 'पान लागलं'.

तसं आमच्याकडं जुनी माणसं सगळीच असं बोलतात. डसलेल्या माणसाच्या कानावर त्याचं नाव पडलं की विष चढतं म्हणतात. पण बाकीचे कधी विसरायचे, टीव्हीवर दिसलं की पटकन बोलून जायचे. विमलबाई नाही. नात आरोही पहिलीत होती तेव्हा बाराखडीत 'सा' आला की आज्जी ते पानच उलटायची. पोरगी हट्टानं पान परत उलटायची, चित्रावर बोट ठेवायची आणि विचारायची, "आज्जी, हे काय हाय?" आज्जी म्हणायची, "दोरी हाय, बाई. चल फुडं."

गल्ली हसायची. हसणाऱ्यांना काय माहीत?

विमलबाईचं माहेर धर्मापुरीकडचं. ती सात वर्षांची असताना तिचा धाकटा भाऊ अजिनाथ, पाच वर्षांचा, कडब्याच्या गंजीमागं लपाछपी खेळत होता. त्याच्या पायाजवळून ते जाताना विमलनं पाहिलं आणि जीव खाऊन ओरडली, "साप! अजिनाथाला साप चावला!" चुलती कौशल्याबाई धावत आली आणि पोराला उचलायच्या आधी तिनं विमलच्या तोंडावर अशी चापट मारली की ओठ फुटला. "नाव घेतलंस, भवाने!" मग अजिनाथाला मारुतीच्या पारावर नेलं. दिवसभर लिंबाचा पाला, अंगारा, मंत्र. पोरगं पाणी मागायचं, पाजलं की पाणी नाकातून परत यायचं. दिवेलागणीला ते गेलं.

नंतर विमलला कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. कौशल्याबाई फक्त आल्यागेल्याला सांगायची, "पोरगं हाती लागलं आसतं बघा, पर हिनं नाव घेतलं." लग्न होऊन सासरी येईपर्यंत विमल हे ऐकत राहिली, आणि सासरी आल्यावर सांगणारं कुणी नव्हतं तरी ऐकत राहिली.

आता यंदाची गोष्ट. दिवाळी झाली, मुलगा अंगद आणि सून तेजश्री कोयता घेऊन ऊसतोडीला गेले. आरोही आता सात वर्षांची. तिला आज्जीजवळ ठेवलं. पावसानं लांबलेली सोयाबीन कशीबशी कापून शेतात ढीग लावला होता, मळणीयंत्र मिळत नव्हतं. रानडुकरं येतात म्हणून विमलबाईचा नवरा बद्रीनाथ ढिगापाशीच सतरंजी टाकून झोपायचा. माणूस गरीब स्वभावाचा. सगळं आयुष्य दोनच नादांत गेलं, बैल आणि पान. सकाळी सात वाजता त्याचं तोंड लाल झालेलं नसलं तर गावाला वाटायचं, बद्रीनाथ आजारी आहे.

त्या दिवशी सकाळी विमलबाई चहाची किटली घेऊन शेतात गेली. बद्रीनाथ पोट धरून बसलेला. तोंड लाल होतं, म्हणजे पान झालेलं होतं.

"आवो, काय झालं? पोट कावून धरलंय?"

"पान लागलं वाटतंय गं," तो म्हणाला. "पहाटं. दंडाला मुंगी चावल्यागत झालं. बॅटरी मारली तर ताडपत्रीखाली घुसत होतं. काळं, पांढऱ्या कड्यांचं."

तिच्या हातातली किटली खाली पडली. दंड पाहिला तर सूज नाही, रक्त नाही, दाताची खूण नाही. तिला क्षणभर वाटलं, झोपेत भास झाला असंल. मग तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. डोळ्यांच्या पापण्या अर्ध्या खाली आल्या होत्या आणि तो त्या वर उचलायचा प्रयत्न करत होता. जमत नव्हतं. विमलबाईचे हातपाय गार पडले.

बातमी लागली तसे तात्याबा काठी टेकत आले. गावातले सगळ्यांत वयस्कर. "पोरी, येळ घालवू नको. पारावर घ्या त्याला."

'पार' म्हटल्याबरोबर ती नवऱ्याच्या आणि तात्याबांच्या मधे उभी राहिली. पारावर काय होतं हे तिनं सात वर्षांची असताना डोळ्यांनी पाहिलं होतं. गावातली आशाताई दिपाली हिनंही पावसाळ्यात बायका गोळा करून घसा कोरडा करून सांगितलं होतं, बांधू नका, कापू नका, पारावर नेऊ नका, सरळ दवाखाना. "दवाखाना!" विमलबाई ओरडली. "हनुमान, गाडी काढ!"

हनुमान म्हणजे बद्रीनाथचा पुतण्या. भाजीची पिकअप चालवायचा. आरोहीला शेजारच्या बायनाबाईकडं सोडलं, रिकाम्या कॅरेटांमध्ये बद्रीनाथला निजवलं आणि तालुक्याचा रस्ता धरला. अठरा किलोमीटर. विमलबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सुरुवातीला तो बोलत होता, "ताडपत्री वडून घी म्हणावं." मग जीभ जड झाली. "ताप्पत्ती," म्हणाला. मग नुसताच घशातून आवाज. ओठाच्या कोपऱ्यातून लाल लाळ गळायला लागली, ती पदरानं पुसत राहिली. देवा, नारायणगडला पायी येते. देवा, काय पाहिजे ते घे.

सरकारी दवाखान्यात सोमवारची गर्दी. केसपेपरच्या खिडकीपाशी दोन रांगा. हनुमान पुढं घुसला, लोकांनी शिव्या दिल्या, पण माणसाची अवस्था बघून वाट दिली. खिडकीच्या आत एक बाई संगणकासमोर बसलेली. चष्मा, समोर थंड झालेला चहा. नवीनच बदली होऊन आलेली, शहरात वाढलेली. वाईट नव्हती बरं का. आठपासून तिनं शंभरावर केसपेपर काढले होते आणि मान वर करायला तिला सवड नव्हती.

"नाव? वय? गाव?" मग, "काय होतंय?"

"पान लागलंय त्यांला, मॅडम, लवकर करा," हनुमान म्हणाला.

बाईनं मान उंचावून पाहिलं. बाकावर बद्रीनाथ. तोंड लाल, ओठातून लाल लाळ, डोळे झाकलेले, मान कलती.

"तंबाखूचं पान का?"

"खातेत रोज, पर..." विमलबाई म्हणाली.

"कितीदा सांगायचं तुम्हाला, मावशी! सकाळी उपाशीपोटी तंबाखू लागणारच." बोटं टकटक चालली. "आधार कार्ड?"

आधार घरी राहिलं होतं. हनुमानच्या मोबाईलमध्ये फोटो होता. "झेरॉक्स आणा, समोर दुकान आहे," बाई म्हणाली आणि हनुमान पळाला. विमलबाईच्या हातात कागद आला. तिसरी शिकलेली होती ती, अक्षर लावून वाचलं. 'पान-तंबाखूमुळे चक्कर, मळमळ. खोली सहा. नंबर ४७.' खोली सहाच्या दारावर तेव्हा एकोणीस नंबर चालू होता.

असं कसं? विमलबाईला काही सुधरेना. आपण सांगितलं, हनुमानानं सांगितलं, गावात हेच सांगितल्यावर माणसं धोतर सावरत पळत सुटतात. आणि ही बाई म्हणते बसा?

खिडकीच्या बाहेर, भिंतीवर एक पाटी होती. ती तिनं वाचली. 'तातडीचे रुग्ण. रांगेत थांबू नये. थेट आत जावे.' खाली यादी. यादीतलं पहिलंच अक्षर 'सा'. पुढचं तिनं वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला की या दवाखान्याला तो एकच शब्द कळतो.

आणि तो शब्द तिला घ्यायचा होता. तोही बद्रीनाथच्या समोर.

घेतला तर विष चढणार. नाही घेतला तर इथंच बसून राहणार. मग तिला वाटलं, यांच्यापासून लांब जाऊन खिडकीत हळूच सांगावं, यांच्या कानावर पडणार नाही. तिनं त्याला बाकावर भिंतीला टेकवलं, खिडकीशी गेली, तोंड आत घातलं.

"मॅडम, त्यांला... सा... सा..."

जीभ टाळूला चिकटली. फुटलेल्या ओठाची चव पंचेचाळीस वर्षांनी तोंडात आली. रक्ताची खारट चव.

"साखर? शुगर आहे का त्यांना?" बाईनं कपाळावर हात मारला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं!" कागद ओढून घेतला, त्यावर पेनानं लिहिलं. "खोली नऊ. आधी रक्त तपासून घ्या, मग सहात."

विमलबाईनं बाहेरच्या पाटीकडं बोट दाखवलं. पाटी होती बाहेरच्या भिंतीला. आत बसलेल्या माणसाला ती दिसायची नाही. "हो हो, तिकडंच नऊ नंबर," बाई म्हणाली. "पुढचे कोण?"

आता सांगा, काय करावं माणसानं?

ती परत बाकाकडं आली तर बद्रीनाथ घसरून आडवा झाला होता. शेजारच्या माणसानं त्याला आधार दिला होता. बिचारा चांगला माणूस. हातातला कागद बघून म्हणाला, "तंबाखू लागली का? पाणी पाजा, उतरंल." त्यानं बाटलीचं झाकण काढलं आणि बद्रीनाथच्या तोंडाला लावली. एक घोट आत गेला.

पाणी नाकातून बाहेर आलं.

विमलबाई ते बघत राहिली. पाणी नाकातून ओठावर, ओठावरून हनुवटीवर. हेच पाणी. मारुतीचा पार, पाच वर्षांचं पोरगं, हेच पाणी. आता दिवेलागणीपर्यंत वाट बघायची का?

"साप!"

सगळा दवाखाना वळला. आवाज एवढा मोठा होता की खोली सहातला माणूस बाहेर आला.

"साप चावलाय वो! माझ्या मालकाला साप चावलाय! साप!"

आणि तिनं डोळे गच्च मिटले, खांदे आकसले. चापट बसणार म्हणून. पंचेचाळीस वर्षं ती त्या दुसऱ्या चापटीची वाट बघत होती. चापट बसली नाही. चाकांचा खडखडाट आला. दोन माणसं स्ट्रेचर ढकलत आली, मागून डॉक्टर अमरसिंह पळत आले. त्यांनी बद्रीनाथची पापणी बोटानं वर केली. सोडली तशी ती खाली पडली.

"किती वाजता चावला? कसा होता?"

"पहाटं. काळा. पांढऱ्या कड्या."

"मण्यार," डॉक्टर म्हणाले आणि पुढचं ते चालता चालता सिस्टरला सांगत गेले. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा झाले होते. दारातून विमलबाईला दिसत होतं. एक सुई, बाटलीमागून बाटली औषध. मग सिस्टर ओरडली, "सर, श्वास थांबला!"

नाव घेतलं आणि श्वास थांबला.

विमलबाई मटकन खाली बसली. तिला पुढचं ऐकू येईना. डॉक्टर बद्रीनाथच्या नाकातोंडावर रबरी फुगा धरून दाबत होते, सोडत होते, दाबत होते. तिला वाटलं, हे उगाच करतेत, मी तर मारलं. भाऊ मारला, आता नवरा मारला. दुकानातल्या गर्दीत अडकलेला हनुमान झेरॉक्स घेऊन आला तर काकू फरशीवर बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होती. त्यानं हात धरले तेव्हा ती थांबली.

ॲम्ब्युलन्सनं अंबाजोगाईला नेलं. रस्ताभर एक सिस्टर फुगा दाबत होती. एक हात दुखला की दुसऱ्या हातानं, पण थांबली नाही. तिथं बद्रीनाथला श्वासाच्या मशीनवर ठेवलं. चार दिवस. चार दिवस विमलबाई बाहेरच्या व्हरांड्यात बसली आणि कुणाशी एक शब्द बोलली नाही. अंगद-तेजश्री कारखान्यावरून आले, आईला विचारलं, "आय, काई खाल्लं का?" आई नुसती बघायची. तिला भीती वाटत होती, आपण तोंड उघडलं की आणखी काहीतरी होईल. आतून कुणी सिस्टर बाहेर आली की ती उठून उभी राहायची.

पाचव्या दिवशी सिस्टरनं तिला आत बोलावलं. बद्रीनाथची डावी पापणी उघडी होती. नळी होती, बोलता येत नव्हतं. त्यानं बायकोकडं पाहिलं आणि दोन बोटं हळूच ओठाकडं नेली. पान मागत होता! विमलबाई त्या अतिदक्षता विभागात अशी रडली आणि रडता रडता अशी शिव्या द्यायला लागली की तिला बाहेर काढावं लागलं.

घरी आल्यावर आठ दिवसांनी तालुक्याच्या दवाखान्यात परत दाखवायला बोलावलं होतं. खिडकीतल्या त्याच बाईनं तिला ओळखलं. बाई उठून बाहेर आली आणि विमलबाईचा हात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मावशी, मला खरंच माहीत नव्हतं हो." विमलबाईला तिला झापायचं होतं, रस्ताभर तिनं तयारी केली होती. पण बाईचा हात गार होता, आणि गार हात काय असतो ते विमलबाईला माहीत होतं.

आत डॉक्टर अमरसिंहांनी बद्रीनाथला तपासलं, पान बंद करायला सांगितलं, त्यानं मान हलवली आणि कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही. मग डॉक्टरांनी कोरा कागद पुढं घेतला. "मावशी, तुमच्याकडं याला काय काय म्हणतात? सगळं सांगा. खिडकीत आतल्या बाजूनं लावायचंय."

तिनं सांगितलं. पान लागलं. किरडू लागलं. लांबडं डसलं. जनावर डसलं. डॉक्टर लिहीत होते. "जनावर म्हटलं की आम्ही कुत्रं समजतो," ते म्हणाले. "अजून?"

अजून काय, म्हणून ती बोलत गेली आणि कधी अजिनाथावर आली ते तिलाही कळलं नाही. कडब्याची गंजी, पार, पाणी. "मी नाव घेतलं म्हणून गेला तो," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं हे कुणाला तरी सांगितलं. बद्रीनाथलाही ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ओरडलात तेव्हा किती वेळ झाला होता चावून?"

"न्हाई, तवाच. चावल्या चावल्या."

"म्हणजे घरात सगळ्यांत आधी तुम्हीच सांगितलं. बरोबर काय झालं ते सांगितलं. सात वर्षांच्या पोरीनं." डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "त्यांनी त्याला दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं, मावशी. तुमचं काही चुकलं नव्हतं."

परतीच्या वाटेवर पिकअपमध्ये ती बाहेर बघत बसली आणि बद्रीनाथनं सगळ्या रस्त्यात तिचा हात सोडला नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, असं त्यानं चारचौघांत कधी केलं नव्हतं.

घरी पोचतात तर अंगणात गलका. आरोही सरपणापासून पळत येत होती, वेणी सुटलेली, श्वास लागलेला.

"आज्जी! आज्जी, सरपणात साप हाय! लई मोठा साप!"

बायनाबाई तिथंच धुणं वाळत घालत होती. तिनं झटकन पोरीला धरलं. "मेले, नाव घेतीस? आताच आजा वाचून आलाय ना तुझा!" आणि हात उगारला.

विमलबाई पिकअपमधून कशी उतरली तिलाच माहीत. तिनं तो उगारलेला हात वरच्या वर धरला. बायनाबाईला वाटलं, ही आता शिव्या देणार.

"घिऊ दे तिला नाव," ती म्हणाली. मग खाली बसली, नातीला छातीशी ओढलं, तिच्या ओठांवरून अंगठा फिरवला. "कुठं हाय, बाई? परत सांग. मोठ्यानं सांग."

आरोहीनं एकदा बायनाबाईकडं बघितलं, एकदा आज्जीकडं. आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.